ग्राहकांची यादी आणि खातेवहीचा विवेक

गेल्या वर्षी दिवाळीला पंधरा दिवस असताना इचलकरंजीच्या आमच्या कापडाच्या पेढीत एक प्रसंग घडला. माझ्या पुतण्याने संगणकात जमलेल्या सर्व ग्राहकांना, म्हणजे सुमारे अकराशे पत्त्यांवर, एकच ईमेल पाठविला. मजकूर आकर्षक होता : ‘थेट पेढीवरून खरेदी करा, मधल्या व्यापाऱ्याचा नफा वाचवा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणीहून आप्पांचा फोन आला. आप्पा आमचे तीस वर्षांचे घाऊक ग्राहक; माझ्या थोरल्या बंधूंच्या काळापासूनचे खाते. ते रागावले नाहीत. शांतपणे एवढेच म्हणाले, “मधला व्यापारी म्हणजे मीच ना? माझ्या खात्याचा उतारा पाठवा. येणं-देणं मिटवून टाकू.”

पुतण्याचा चेहरा उतरला. “काका, ते तर किरकोळ गिऱ्हाइकांसाठी लिहिलं होतं,” तो म्हणाला. लिहिले एकासाठी आणि पोहोचले सर्वांना, हीच तर चूक होती.

या चुकीला मोठा इतिहास आहे. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने त्या काळच्या अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचे एकच आमंत्रण पाठविले. काही विक्री झाली, पण तक्रारींचाही पाऊस पडला. घाऊक जाहिरात-ईमेलचा तो पहिला नमुना मानला जातो. त्याच्याही बावीस वर्षे आधी, १९५६ मध्ये, वेंडेल स्मिथ या अभ्यासकाने बाजारपेठ ही एकसंध नसून निरनिराळ्या गरजांच्या गटांची बनलेली असते, हा विचार आपल्या लेखात मांडला होता. वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात आम्ही तो ‘बाजारपेठ विभाजन’ या नावाने शिकलो.

बँकेने शिकविलेला धडा

खरे पाहता हा विचार आपल्या पेढ्यांना नवा नाही. घाऊक, किरकोळ आणि उधारीची खाती वेगवेगळ्या पानांवर लिहिण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. बँकेतही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार केवायसी कागदपत्रे अद्ययावत करण्यासाठी ग्राहकांचे जोखमीनुसार तीन गट पाडले जातात : जास्त जोखमीच्या ग्राहकांना २ वर्षांची, मध्यम जोखमीच्यांना ८ वर्षांची आणि कमी जोखमीच्यांना १० वर्षांची मुदत. तसेच बचत वा चालू खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने स्वतः व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. सर्वांना एकच पत्र धाडणारी शाखा मी नोकरीच्या काळात पाहिली नाही. मग पेढीनेच तसे का करावे?

बिलांतच दडलेले गट

त्या रविवारी आम्ही दोघे बिलांची नोंद असलेला तक्ता उघडून बसलो. कोणतीही नवी प्रणाली विकत घ्यावी लागली नाही. हवी ती माहिती आमच्याच बिलांत होती. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या बिलावर त्याचा १५ अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. जिथे तो रकाना रिकामा, तो बहुधा किरकोळ ग्राहक. या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात : २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० गोवा, २४ गुजरात. एका रकान्यावरून व्यापारी आणि गृहस्थ वेगळे झाले, शिवाय व्यापाऱ्यांची राज्येही कळली.

नंतर प्रत्येक नावापुढे तीन प्रश्नांची उत्तरे मांडली : शेवटची खरेदी केव्हा? वर्षात किती वेळा? एकूण किती रकमेची? टपालाने मालाच्या याद्या पाठवून विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्या संगणकाच्या आधीपासून हेच तीन निकष वापरीत असत. चौथा रकाना आम्ही आमच्या गरजेने घातला : काय घेतले? शाळांचे गणवेशाचे कापड घेणाऱ्या मुख्याध्यापकांना दिवाळीच्या ड्रेस मटेरियलचे काय? त्यांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते; त्यांना पत्र जावे ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, नमुने आणि दरपत्रकासह.

अशा रीतीने पाच गट झाले : घाऊक व्यापारी, शाळा व संस्था, शिवणकामाचे कारखानदार, नियमित किरकोळ ग्राहक आणि दोन वर्षांत न फिरकलेले. शेवटच्या गटाला, बँकेच्या निष्क्रिय खात्याप्रमाणे, विचारणेचे एकच पत्र : आमची पत्रे पुढे हवीत काय? उत्तर न आल्यास नाव बाजूला. याच गटात दोन नावे अशी सापडली, की ते गृहस्थ आता हयात नव्हते. त्यांच्या घरीही दिवाळीची सवलत पोहोचली होती. त्या दोन ओळी पुसताना पुतण्या बराच वेळ गप्प होता.

पाचांहून अधिक गट करण्याचा मोह आम्ही टाळला. प्रत्येक गटासाठी वेगळे पत्र लिहिण्यास वेळ लागतो. जितकी पत्रे मनापासून लिहिता येतील, तितकेच गट करावेत.

संमती आणि मोजमाप

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, संमती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सूत्र असे, की माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. बिलासाठी दिलेला पत्ता म्हणजे जाहिरातीचे निमंत्रण नव्हे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार वा अधिक ईमेल पाठविणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नाव सहज वगळण्याची सोय आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवण्याची अट घातली आहे. आपली पेढी इतकी मोठी नसेल. तरीही तक्रारी वाढल्या, तर आपली साधी बिलेसुद्धा नकोशा पत्रांच्या कप्प्यात जाऊ लागतात.

दुसरी, मोजमाप. किती जणांनी ईमेल उघडला, या आकड्यावर फार विसंबू नये. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे, की वाचकाने पत्र न वाचताही ते उघडल्याची नोंद होऊ शकते. आलेली उत्तरे आणि नोंदविलेली मागणी हीच खरी जमा.

आप्पांची भेट

यादी तयार झाल्यावर आम्ही निपाणीला गेलो. पुतण्याने तक्ता दाखविला आणि म्हणाला, “आप्पा, चूक झाली. यापुढे तसलं पत्र तुम्हाला येणार नाही.” आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. “मला येणार नाही, हे ठीक. पण माझ्या गावातल्या गिऱ्हाइकाला तर जाईल ना?”

या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात नव्हते. माझीही समजूत तेव्हा बदलली. तोवर मी दोष केवळ यादीला देत होतो. दोष मजकुरातही होता. गट वेगळे केले, म्हणून दोघांशी दोन तोंडांनी बोलण्याची मुभा मिळत नाही. एका गटाला लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या हाती पडले, तरी मान खाली घालावी लागू नये, ही कसोटी आम्ही त्या दिवशी ठरविली. ‘मधला व्यापारी’ हे शब्द कायमचे काढून टाकले. शिवाय एक रकाना वाढविला : गाव. ज्या गावात आमचा घाऊक ग्राहक आहे, तेथील किरकोळ ग्राहकांना आमचे पत्र जाते ते नव्या मालाची माहिती देणारे, आणि खाली त्या दुकानदाराचेच नाव व पत्ता असतो.

आप्पांनी खाते मिटविले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांची मागणी आली, नेहमीपेक्षा थोडी लहान. विश्वासाची भरपाई हप्त्याहप्त्यानेच होते, हे कर्जवसुली करणाऱ्या अधिकाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या घरातील तरुण मंडळी संगणकावर यादी करीत असतील, तर वडीलधाऱ्यांनी तासभर त्यांच्याशेजारी बसावे. कोणाला काय पाठवावे हे यंत्र सांगेल. कोणाला काय पाठवू नये, हे ज्यांनी ती खाती जपली त्यांनाच ठाऊक असते.