‘सुटलीस बाई’ म्हटल्यानंतर

लेखमाला : उपचारांनंतरचं आयुष्य | लेखांक ६

शेवटचं रेडिएशन संपलं की घरात पेढे येतात. कुणी सिद्धेश्वराला जाऊन येतं, नातेवाईक फोनवर म्हणतात, ‘सुटलीस बाई एकदाची!’ आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांतच अनेक तरुण बायकांचा धीर सुटतो. आठ-दहा महिने दिवसांना एक शिस्त होती. केमोची तारीख, रक्त तपासायची तारीख, मशीनवरचा नंबर ठरलेला होता. शंका विचारायला वॉर्डातली सिस्टर होती. आता ‘तीन महिन्यांनी दाखवायला या’ एवढंच हातात असतं. घरच्यांच्या लेखी आजार गेलेला असतो. तिला मात्र झाल्या गोष्टीचा विचार करायला पहिल्यांदाच सवड मिळालेली असते.

मागच्या लेखांकात उपचार चालू असतानाच्या आहाराबद्दल बोललो. आज बोलायचं आहे ते चाळिशीच्या आतल्या बाईबद्दल. भारतात २०२२ साली स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधी गाठतो. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या एखाद्या सोसायटीत उपचार संपवून घरी आलेली बाई पहिलीतल्या मुलाचा डबा भरणारी असू शकते, बँकेत नोकरीला लागलेली अविवाहित मुलगी असू शकते. साठीच्या बाईला दिलेला सल्ला तिला पुरत नाही.

दोन मुलांच्या आईची गरज

हे ओळखून उभं राहिलेलं एक काम अमेरिकेतल्या ज्यू समाजातलं आहे. रोशेल शोरेट्झ ही न्यू जर्सीतली वकील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्याकडे तिने काम केलं होतं. २००१ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, तिला स्तनांचा कर्करोग झाला. पदरी दोन लहान मुलगे. मैत्रिणी जेवण पाठवायला आणि मुलांना ने-आण करायला तयार होत्या. तिला मात्र आपल्यासारख्याच एखाद्या तरुण आईशी बोलायचं होतं, ‘माझे केस जाणार आहेत’ हे मुलांना कसं सांगायचं ते विचारायचं होतं. त्याच वर्षी तिने ‘शारशेरेट’ ही संस्था काढली. नव्याने निदान झालेल्या तरुण ज्यू बाईची गाठ त्याच वयाच्या, तशाच प्रसंगातून गेलेल्या बाईशी घालून द्यायची, हा तिचा गाभा. रोशेल २०१५ मध्ये गेली. संस्थेचं काम चालू आहे.

ज्यू समाजासाठी वेगळी संस्था लागण्यामागे वैद्यकीय कारणही आहे. मूळच्या युरोपातल्या, अश्केनाझी म्हणवणाऱ्या ज्यूंमध्ये ‘बीआरसीए १’ आणि ‘बीआरसीए २’ या जनुकांमधले तीन ठरावीक बदल साधारण ४० माणसांमागे एकात सापडतात. असा बदल असलेल्या दर १० बायकांपैकी जवळपास ७ जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनांचा कर्करोग होऊ शकतो, आणि तो तरुणपणीही होतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपसातच झाल्याने हे बदल त्या समाजात टिकून राहिले.

आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, हा वेगळा समाज आहे. ४० मागे एक हा आकडा त्यांना लावता येत नाही. पण बायकांच्या आरोग्यासाठी समाजातल्याच बाईने उभं राहायचं, ही रीत त्यांच्यातही जुनी आहे. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायल डॉक्टर १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. बाळंतपणात बायका का मरतात, याचा माग त्यांनी मुंबईत पाहणी करून काढला. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

‘धाकटीचं लग्न व्हायचंय’

आता आपल्या घरांकडे वळू. लग्नं जातीतच, बहुधा ओळखीतच होण्याची चाल आपल्याकडेही आहे. अश्केनाझी ज्यूंमध्ये आढळणाऱ्या बदलांपैकी ‘१८५ डेल एजी’ हा बदल भारतातल्या ज्यू नसलेल्या कुटुंबांमध्येही सापडला आहे. आणि ज्यू घरांत जी भीती असते तीच इथेही असते : धाकटीचं लग्न व्हायचंय, बाहेर कुणाला सांगू नका.

या भीतीपोटी घरातल्या घरातही गप्प बसलं जातं, आणि तिथे खरा धोका आहे. स्तनांच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणींचाच आजार आनुवंशिक असतो. पण तरुण वयात आजार झाला असेल किंवा घराण्यात स्तनांचा वा अंडाशयाचा कर्करोग आधी होऊन गेला असेल, तर जनुक-तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं. सदोष जनुक आईकडून येतं तसं वडिलांकडूनही येतं, म्हणून आत्याचा आणि आजीचा आजारही डॉक्टरांना सांगायचा. बदल सापडला, तर प्रत्येक सख्ख्या भावंडाकडे तो असण्याची शक्यता निम्मी असते. बहिणीला वेळेत कळलं, तर पंचविशी-तिशीपासून एमआरआयने नियमित तपासणी करता येते. लग्नासाठी झाकलेली गोष्ट त्याच बहिणीच्या जिवावर बेतू शकते. गावाला सांगण्याची गरज नाही, बहिणीला सांगण्याची आहे.

मूल हवं असेल तर

हा प्रश्न तिच्या मनात पहिल्या दिवसापासून असतो आणि बहुतेक वेळा कुणी काढत नाही. केमोमुळे बीजांडं कमी होतात, पाळी थांबते. कधी परत येते, कधी नाही. म्हणून केमो सुरू होण्याआधीच बीजांडं किंवा गर्भ गोठवून ठेवण्याबद्दल विचारायचं असतं. त्याला साधारण दोन आठवडे लागतात.

उपचारांनंतर अनेकींना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते. तेवढं थांबलं तर वय निघून जातं. या अडचणीवर २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेहून अधिक बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेतल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जास्तीत जास्त दोन वर्षं ती थांबवून मूल होऊ देण्याचा प्रयत्न केला. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत तरी त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही, आणि बहुसंख्य जणींना दिवस गेले. लांबच्या काळाचं निरीक्षण चालू आहे. आपल्या मनाने गोळी बंद करणं घातकच. पण डॉक्टरांपुढे हा विषय काढायला आता भक्कम आधार आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पाळी थांबली म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं नाही, आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना राहिलेला गर्भ बिघडू शकतो. संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्या अशा बाईला चालत नाहीत. तांबी किंवा निरोध हे मार्ग आहेत. योनीतला कोरडेपणा, संबंधांच्या वेळचं दुखणं, अंगातून निघणाऱ्या वाफा हे सारे औषधांचे परिणाम आहेत. नवऱ्यालाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावं. ‘ती दूर राहते’ हा गैरसमज मग उरत नाही.

हात, पाणी आणि भाकरी

काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. ‘त्या हाताने काही उचलायचं नाही’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं. आलं की घागरी-बादल्या भराव्याच लागतात. हात वापरायचाच नाही म्हटलं तर तिने जगायचं कसं? २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावा, अर्ध्या बादलीपासून सुरुवात करावी, एकदम भरलेली घागर उचलू नये. तव्यावर भाकरी टाकताना त्या हाताला चटका बसणार नाही याची काळजी घ्यावी. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काढलेल्या स्तनाच्या जागी घालायला सुती धाग्याने विणलेले हलके स्तन मिळतात. मेच्या उन्हात सिलिकॉनपेक्षा ते सुसह्य असतात. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू! केस नीट आले नाहीत म्हणून ती जात नाही, आणि तिला बरं वाटणार नाही म्हणून शेजारीण बोलावत नाही. शेजारणींनो, बोलावणं करा. यायचं की नाही, ते तिला ठरवू द्या.

सोलापुरात काय करता येईल

या जिल्ह्याने कर्करोगाच्या कामात देशाला वाट दाखवली आहे. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही मृत्यू निम्म्याच्या आसपास घटतात, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळलं. ज्या विषयावर बायका आईशीही बोलत नसत, त्यावर खेड्यातल्या बायका बोलत्या झाल्या, कारण विचारायला आलेली बाई विश्वासातली होती.

तोच विश्वास उपचारांनंतरच्या काळासाठी वापरता येईल. शहरातल्या कर्करोग विभागांनी उपचार पूर्ण झालेल्या आणि बोलायला राजी असलेल्या बायकांची यादी ठेवावी : वय, मुलं, नोकरी, भाषा यांच्या नोंदीसह. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्याही हव्यात. या बायकांना समुपदेशकाकडून थोडं प्रशिक्षण द्यावं, म्हणजे औषधाचा सल्ला त्या देणार नाहीत आणि ऐकलेलं बाहेर जाणार नाही. मग नव्या रुग्णाला विचारावं, ‘तुमच्यासारख्याच एकीशी बोलायचंय का?’ याला नवी इमारत लागत नाही. आठवड्यातून एकदा ओपीडीशेजारची एक खोली आणि ती उघडून बसणारी एक जबाबदार व्यक्ती पुरते. जुळे सोलापुरातल्या महिला मंडळांनी हे मनावर घेतलं, तर येत्या संक्रांतीपर्यंत सुरुवात होऊ शकेल.

पुढच्या आठवड्यात : उपचारांनंतरच्या तपासण्या. कोणत्या गरजेच्या, आणि कोणत्या लक्षणं नसताना करू नयेत?