घाटउतार आणि रोलर कोस्टर

दौंडहून मुंबईला जाणारी गाडी बोरघाट उतरते. १८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गाच्या बांधणीत अपघातांनी आणि पटकीने हजारो मजूर दगावले. चढ इतका तीव्र, की ब्रेक निकामी झालेली गाडी थोपवण्यासाठी चढावाचे खास फाटे काढावे लागले.

याच घाटाच्या पायथ्याला, खोपोलीजवळ, २०१३मध्ये सुरू झालेल्या 'इमॅजिका' उद्यानात 'नायट्रो' हा रोलर कोस्टर आहे. त्याच्या डब्यांना इंजिन नसते. साखळी त्यांना एकदा उंचावर नेते. पुढची धाव गुरुत्वाकर्षणाची. रेल्वेचे चाक वजनाने रुळावर टिकते. कोस्टरची चाके रुळाला वरून, बाजूने आणि खालूनही धरतात. म्हणून उंचवट्यावर अंग उचलले गेले तरी डबा सुटत नाही.

जो उतार आवरताना माणसे खपली, त्याच उताराची मौज आज आपण तिकीट काढून घेतो.