उशीर कोणाच्या वाट्याला?

केळीचा भाव जाहीर झाला की आमच्या सर्व्हरवर एकदम गर्दी उसळते. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातले बागायतदार फोन उघडतात. नवतीला (नव्या लागवडीच्या केळीला) काय निघाला, पिलबागेला (पिलांपासून धरलेल्या पुढच्या पिकाला) काय, बऱ्हाणपूरच्या बाजाराचा आकडा किती, हे सगळ्यांना त्याच काही मिनिटांत हवं असतं. भाव टाकणारे मोजके, वाचणारे हजारो. हे भाव जिथे दिसतात त्या शेतकरी-गटांच्या अ‍ॅपचा पडद्यामागचा भाग मी भुसावळात घरी बसून लिहितो : फीड, लाइक, प्रतिक्रिया, सूचना. वापरणाऱ्याला फक्त एक लाल बदाम दिसतो. तो बदाम हजारो लोकांनी एकाच वेळी दाबला तरी अ‍ॅप अडखळू नये, यासाठी आमची सगळी धडपड.

पहिला प्रश्न फीडचा. नवी पोस्ट लोकांपर्यंत न्यायच्या दोन रीती आहेत. पोस्ट येताच ती प्रत्येक अनुयायाच्या यादीत लिहून ठेवायची. मग त्याने अ‍ॅप उघडलं की यादी तयारच असते. आमच्या धंद्यात याला ‘फॅन-आउट’ म्हणतात. दुसरी रीत म्हणजे पोस्ट एकाच जागी ठेवायची आणि कोणी अ‍ॅप उघडेल तेव्हा त्याच्या ओळखीच्यांच्या पोस्ट गोळा करून दाखवायच्या. लग्नाची पत्रिका घरोघर वाटायची, की देवळाच्या फळ्यावर एकदाच लिहायचं, असा हा पेच आहे.

एखाद्या शेतकऱ्याने पानावरच्या करपा रोगाचा फोटो टाकला, तर तो ओळखीच्यांच्या यादीत लिहिणं स्वस्त पडतं. भावाच्या पोस्टचं गणित वेगळं. ती हजारो याद्यांत लिहीत बसलं तर पहिल्याला ती लगेच दिसेल आणि शेवटच्याला बरीच उशिरा. तेवढ्यात व्यापारी बांधावर उभा असेल आणि सौदा जुन्या भावाने ठरून जाईल. म्हणून भावाची पोस्ट आम्ही एकाच जागी, सर्व्हरच्या मेमरीत म्हणजे कॅशेमध्ये ठेवतो आणि सगळे तिथूनच वाचतात. बाकीचं फीड आधीपासून तयार असतं. उघडताना दोन्ही एकत्र जोडले जातात.

हा मार्ग आमच्या आधी मोठ्यांनी तुडवलेला आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये ट्विटरवर सेकंदाला सरासरी 4,600 ट्विट येत होते, तर टाइमलाइन उघडण्याच्या विनंत्या सेकंदाला सुमारे 3 लाख होत्या. वाचणं लिहिण्यापेक्षा इतकं जास्त म्हटल्यावर लिहितानाच कष्ट उपसून ठेवणं शहाणपणाचं होतं. पण काही खात्यांना 3 कोटींहून अधिक अनुयायी होते. त्यांचा एक ट्विट म्हणजे 3 कोटी नोंदी. अशा खात्यांचे ट्विट वेगळे ठेवून वाचताना मिसळायचे, अशी मिश्र पद्धत त्यांनी स्वीकारली.

दुसरा प्रश्न मोजणीचा. डेटाबेसमध्ये एका पोस्टच्या लाइकचा आकडा एकाच नोंदीत असला, तर एक जण तो वाढवत असेपर्यंत बाकीच्यांना थांबावं लागतं. लोड टेस्टमध्ये, म्हणजे मुद्दाम गर्दी सोडून घेतलेल्या चाचणीत, हे स्पष्ट दिसतं : प्रोसेसर निवांत असतो, तरी प्रतिसादाचा वेळ चढत जातो, कारण सगळ्या विनंत्या एकाच कुलपापाशी खोळंबलेल्या असतात. उपाय असा, की आकड्याचे अनेक तुकडे करायचे, प्रत्येक विनंतीने कोणताही एक वाढवायचा आणि दाखवताना बेरीज करायची. किंवा लाइक आधी रांगेत टाकून गठ्ठ्याने मोजायचे. ‘किती जणांनी पाहिलं’ यासाठी तर अचूक मोजणीचीही गरज नसते. हायपरलॉगलॉग ही गणिती पद्धत रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसमध्ये फक्त 12 केबी जागेत कोट्यवधी वेगवेगळ्या माणसांचा अंदाज देते. तिची प्रमाण-त्रुटी 0.81 टक्के.

गठ्ठ्याने मोजण्याचं मोठं उदाहरण हॉटस्टारचं. 2019 च्या क्रिकेट विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना या व्हिडिओ अ‍ॅपवर एका क्षणी 2.53 कोटी लोक बघत होते. सामना बघता बघता इमोजी उधळायची सोय त्यात होती. प्रेक्षकाची विनंती झटकन स्वीकारायची, नोंद काफ्का या रांग सांभाळणाऱ्या प्रणालीत ढकलायची आणि दर दोन सेकंदांच्या गठ्ठ्यांनी मोजायचं, अशी त्यांची रचना. प्रेक्षकाला सगळं तत्क्षणी घडतंय असंच वाटतं, आणि दोन सेकंदांच्या उशिराने कोणाचं काहीच बिघडत नाही.

आमच्याकडे आणखी एक परीक्षा असते : बागेतलं नेटवर्क. प्रतिक्रिया सर्व्हरपर्यंत पोचते, पण ‘पोचली’ हा निरोप परत येताना हरवतो. फोन पुन्हा पाठवतो आणि गटात तेच वाक्य दोनदा दिसतं. म्हणून प्रत्येक कृतीला फोनच एक स्वतंत्र क्रमांक देतो. तो क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर काम न करता फक्त आधीचं उत्तर देतो. बंद पडलेला टॉवर सुरू झाला की सगळे फोन एकाच क्षणी धडकू नयेत, म्हणून प्रत्येकाने थोडा वेगवेगळा वेळ थांबून प्रयत्न करायचा, हेही लिहून ठेवावं लागतं.

इथवर आम्ही ठिकठिकाणी उशीर पत्करला. काही ठिकाणी मात्र तो अजिबात चालत नाही. त्रास देणाऱ्या माणसाला एखाद्या बाईने ब्लॉक केलं, तर त्या क्षणापासून तिची एकही पोस्ट त्याला दिसता कामा नये. ‘जुन्या यादीत राहून गेली’ ही सबब तिला सांगता येणार नाही. म्हणून ही तपासणी दर वेळी, पोस्ट दाखवण्याच्या आधी होते, मग सर्व्हरवर कितीही भार पडो. चुकीचा भाव दुरुस्त झाला, तर सर्वांत आधी कॅशेमधली जुनी प्रत पुसली जाते.

जास्त लोक म्हणजे जास्त यंत्रं, असं बाहेरून वाटतं. यंत्रं लागतात, पण त्याआधी प्रत्येक सोयीसमोर आम्ही एक प्रश्न लिहितो : हे उशिरा कळलं तर नुकसान कोणाचं? लाइकच्या आकड्यासमोर उत्तर येतं, कोणाचंच नाही. भावासमोर, शेतकऱ्याचं. ब्लॉकसमोर, त्या बाईचं. कोणती रांग, कोणता कॅशे, कोणता डेटाबेस, हे त्यानंतर ठरतं. मागच्या वर्षीच्या तंत्रापेक्षा यंदाचं तंत्र वेगळं असेल, पण हा प्रश्न सोडवायला बाग, बाजार आणि माणसं ठाऊक असावी लागतात. ज्यांच्यासाठी अ‍ॅप लिहायचं त्यांच्यातच राहून ते लिहिणं मला म्हणूनच मोलाचं वाटतं.