साठ दिवसांची मुदत आणि बाळंतिणीचे वर्ष

प्रसूती सुखरूप झाली, माता आणि अर्भक घरी आली, की जिवावरचे संकट टळले, ही समजूत आपल्याकडे जितकी रूढ आहे तितकीच ती अमेरिकेतही आहे. आपण सव्वा महिना उलटताच बाळंतिणीला घरकामाला लावतो, आणि तेथील कायदा साठ दिवसांनंतर तिचे नाव सरकारी दप्तरातून कमी करी. अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी मेडिकेड नावाची आरोग्ययोजना त्या देशात १९६५ पासून आहे. तिचा खर्च मध्यवर्ती सरकार आणि घटक राज्ये मिळून सोसतात, आणि दर दहा प्रसूतींपैकी सुमारे चार प्रसूतींचा भार तीच उचलते. परंतु केवळ गर्भवती म्हणून पात्र ठरलेल्या स्त्रीचे संरक्षण, प्रसूतीनंतरचे साठ दिवस ज्या महिन्यात पुरे होत त्या महिन्याच्या अखेरीस संपुष्टात येई. ही मुदत बारा महिने करण्याच्या प्रश्नाभोवती जे गैरसमज साचले आहेत, त्यांपैकी काही अज्ञानाचे आहेत, आणि काहींची किंमत स्त्रियांनी प्राणांनी मोजली आहे.

मातामृत्यू म्हणजे प्रसूतिगृहातील मृत्यू, ही त्यांतील सर्वांत घातक कल्पना होय. २०१७ ते २०१९ या काळातील मातामृत्यूंची ३६ राज्यांतील समित्यांनी एकेक प्रकरण उलगडून जी छाननी केली, तीत शेकडा ५३ मृत्यू प्रसूतीला आठवडा लोटल्यानंतर वर्षभराच्या अवधीत झालेले आढळले, शेकडा ३० तर सहा आठवडे उलटल्यानंतर. आणि शेकडा ८० हून अधिक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. कारणांमध्ये अग्रस्थान होते ते आत्महत्या आणि मादक द्रव्यांचा अतिरेक यांसह मानसिक विकारांना. रक्तस्राव आणि हृदयविकार त्याखालोखाल. प्रसूतीमुळे हृदयाचा स्नायू दुर्बल होण्याचा विकार पाचव्या महिन्यापर्यंतही प्रकट होऊ शकतो, आणि बाळंतिणीचे औदासीन्य तर तिथीवार पाहून येत नाही. प्रसूतितज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने २०१८ साली अशी शिफारस केली की, पहिल्या तीन आठवड्यांत मातेची विचारपूस व्हावी आणि सर्वांगीण तपासणी बारा आठवड्यांच्या आत पुरी व्हावी. म्हणजे तज्ज्ञांनी घालून दिलेली तपासणीची मर्यादासुद्धा कायद्याच्या साठ दिवसांपलीकडे जात होती. याहून स्पष्ट विसंगती दाखविणे कठीण आहे.

मेडिकेड सुटले तरी दुसरा विमा मिळतोच, असे म्हणणाऱ्यांनी उत्पन्नाच्या मर्यादा पाहिलेल्या नसतात. गर्भवतीसाठी ही मर्यादा उदार असते, पण प्रसूतीनंतरची मुदत संपली की तिला पालकांसाठीची मर्यादा लागू होते, आणि ज्या राज्यांनी २०१० च्या कायद्यानुसार योजनेचा विस्तार स्वीकारला नाही, तेथे ती अत्यंत तुटपुंजी आहे. टेक्सासमध्ये ती दारिद्र्यरेषेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. विशेष हे की, अशा मातेच्या पोटी जन्मलेल्या अर्भकाला वर्षभराचे संरक्षण आपोआप मिळते. बालकाचे आरोग्य मातेच्या आरोग्यावाचून सुरक्षित राहील, हे कोणत्या तर्काने ठरविले गेले, ते मला आजवर उमगलेले नाही.

वॉशिंग्टनने कायदा केला आणि सर्व राज्यांना मुदतवाढ मिळाली, हाही भ्रमच. मार्च २०२१ च्या कायद्याने राज्यांना केवळ मुभा दिली, तीही १ एप्रिल २०२२ पासून पाच वर्षांपुरती. ती कायमची झाली डिसेंबर २०२२ मध्ये. स्वीकार करणे वा न करणे राज्याच्या मर्जीवर राहिले. मिसिसिपीत हा प्रस्ताव २०२२ साली विधिमंडळातच अडला आणि पुढच्या वर्षी मंजूर झाला. टेक्सासमध्ये प्रत्यक्ष अंमल १ मार्च २०२४ रोजी सुरू झाला. आणि २०२५ च्या आरंभी आर्कान्सा व विस्कॉन्सिन ही दोनच राज्ये बाहेर उरली होती.

मुदतवाढ केवळ प्रसूतीशी निगडित तक्रारींपुरती आहे, असेही अनेकांना वाटते. वस्तुतः हा पर्याय स्वीकारणाऱ्या राज्याला मेडिकेडचे पूर्ण लाभ द्यावे लागतात. रक्तदाब, मधुमेह, मनोविकार, सर्व त्यात आले. दरम्यान नोकरी लागून उत्पन्न वाढले, तरी वर्षाच्या आत हक्क खंडित होत नाही. गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मले, तरी स्त्री अपात्र ठरत नाही, आणि ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण रिकाम्या कुशीने घरी परतलेल्या स्त्रीला वैद्यकीय साहाय्याची गरज इतरांहून कमी नसते.

मात्र विम्याचे कार्ड हाती आले म्हणजे वैद्य भेटला, असे मानण्याचे कारण नाही. त्या देशातील एक तृतीयांशाहून अधिक परगण्यांत प्रसूतीची कसलीही सोय नाही. शिवाय २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांचे १४.५ मृत्यू नोंदले गेले असता कृष्णवर्णीय मातांचे ५०.३ झाले, आणि हा भेद उत्पन्नाने वा शिक्षणाने पुसला जात नाही. म्हणूनच काही राज्यांनी मुदतवाढीच्या जोडीला, गर्भारपणात आणि प्रसूतीनंतर मातेच्या सोबतीस राहणाऱ्या, डूला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांचे मानधनही मेडिकेडच्या खर्चातून देण्यास आरंभ केला आहे.