टांगते छत, भूकंपरोधी
टांगते छत, भूकंपरोधी : इमारतीच्या मूळ छताखाली तारांनी वा सळ्यांनी टांगलेले, धातूच्या पट्ट्यांची चौकट व त्यात बसविलेले तक्ते यांचे हलके छत. व्यवहारात ते फॉल्स सीलिंग या नावाने अधिक परिचित आहे. ते इमारतीचा भार पेलत नसल्याने त्याच्या भूकंपरोधाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. ११ मार्च २०११ रोजीच्या जपानमधील भूकंपात टोकिओतील कुदान कैकान ही १९३४ मध्ये बांधलेली इमारत उभी राहिली. परंतु तिच्या सभागृहातील छत समारंभ चालू असताना कोसळून दोन व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

तार ताण सहन करते, दाब नव्हे. त्यामुळे आडव्या हादऱ्यात छत लंबकाप्रमाणे झोके घेऊन भिंतींवर आदळते. उभ्या हादऱ्यात तारा सैल पडून तक्ते चौकटीतून उसळतात. पुष्कळदा पडझड कडेपासून सुरू होते. तेथील पट्टी भिंतीवरील आधारावरून निसटली, की शेजारच्या तक्त्यांचाही आधार जातो.

अमेरिकेतील तीव्र भूकंपप्रवण भागांत छत लगतच्या दोन भिंतींना जखडतात व समोरच्या दोन भिंतींपाशी किमान १९ मिमी. मोकळीक ठेवतात. छत सरकले तरी पट्टी टेकलेली राहावी, म्हणून भिंतीवरील कोनपट्टी सुमारे ५० मिमी. रुंद घेतात. सुमारे ९३ चौ. मी.हून मोठ्या छतास ठरावीक अंतरांवर चारी दिशांना ४५ अंशांत तिरप्या तारा व त्यांच्या संधीपाशी उभा दांडा देतात. हा दांडा गाळणे ही घातक काटकसर होय. कारण ताणलेल्या तिरप्या ताराच छताला वर खेचतात आणि ती उचल दांड्यानेच रोखली जाते. दिव्यांना मूळ छतापासून स्वतंत्र तारा आवश्यक असतात. अग्निशामक फवाऱ्यांभोवतीची भोके ऐसपैस ठेवावी लागतात. अन्यथा हलते छत फवारा मोडते आणि पाण्याने वेगळेच नुकसान होते.

जपानमध्ये १ एप्रिल २०१४ पासून ६ मी.हून उंचावरील, २०० चौ. मी.हून मोठ्या व दर चौ. मी.ला २ किग्रॅ.हून जड छतांसाठी विशेष नियम लागू झाले. त्यांनुसार तिरपे आधार आणि भिंतीपासून किमान ६ सेंमी. अंतर आवश्यक ठरले. २०१६ मध्ये अंतर न ठेवता छत भिंतींना टेकविण्याची पद्धतही मान्य झाली. अनेक शाळांच्या व्यायामशाळांतून मात्र अशी छते काढूनच टाकण्यात आली.