एकच बाग, दोन न्याय

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ऑगस्ट 1986 मध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीचा गळा दाबून खून झाला. एप्रिल 1989 मध्ये त्याच बागेत धावायला गेलेल्या 28 वर्षांच्या बँकर तरुणीवर बलात्कार झाला. ती बारा दिवस बेशुद्ध होती. शहर तेच, वर्तमानपत्रंही तीच. दोन्ही खटल्यांत सरकारी बाजूला वकील लिंडा फेअरस्टीन हे नाव होतं. संशयितांचा वर्ण मात्र वेगळा होता, आणि लोकांच्या रागाची जातही.

गैरसमज : लोक गुन्ह्यावर चिडतात, माणसाच्या रंगावर नाही.

1986 चा आरोपी रॉबर्ट चेंबर्स गोरा, देखणा, महागड्या खासगी शाळांत शिकलेला. अंगावरचे ओरखडे मांजराचे आहेत असं त्याने आधी सांगितलं, मग शरीरसंबंधाच्या वेळी मुलगी चुकून मेली असं सांगितलं. वर्तमानपत्रांना तो ‘बिघडलेला पण चांगल्या घरचा’ मुलगा वाटला. मुलीच्याच चालीरीतींची चर्चा सुरू झाली. तिनेच मरण ओढवून घेतलं, अशा अर्थाचे मथळे छापून आले. त्याला जामीन मिळाला. ज्यूरीचं नऊ दिवसांतही एकमत होईना, तेव्हा तडजोड होऊन सदोष मनुष्यवधाची 5 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातल्या वागणुकीपायी ती त्याला पूर्ण पंधरा वर्षं भोगावी लागली, हेही सांगायला हवं.

1989 मध्ये पकडलेली पाच मुलं 14 ते 16 वर्षांची होती, चार काळी आणि एक लॅटिनो. पीडितेचं नाव बहुतेक वर्तमानपत्रांनी झाकलं, या अल्पवयीन मुलांची नावं मात्र छापली. त्यांच्यासाठी ‘लांडग्यांची टोळी’ असे शब्द वापरले गेले. अटकेला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच 1 मे रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी शहरातल्या चार दैनिकांत पानभर जाहिराती देऊन फाशीची शिक्षा परत आणा अशी मागणी केली. खटला उभाही राहिला नव्हता! त्याच दिवसांत ब्रुकलिनमध्ये एका काळ्या स्त्रीवर बलात्कार करून तिला इमारतीच्या गच्चीवरून खाली फेकण्यात आलं. तिच्यासाठी कुणी पानभर जाहिरात दिली नाही. म्हणजे दुहेरी मापाचा फटका केवळ आरोपीला बसत नाही. कोणाच्या वेदनेची बातमी व्हायची, हेही तेच माप ठरवतं.

गैरसमज : मुलांनी कबुली दिली होती. न केलेला गुन्हा कोण कबूल करेल?

पुष्कळ लोक करतात. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक लोकांच्या प्रकरणांत खोटी कबुली होती, असं ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ ही संस्था सांगते. या मुलांची तासन्‌तास चौकशी झाली. चौकशीचं चित्रीकरण झालं नाही, शेवटच्या कबुलीचं झालं. जागा कोणती, कोणी काय केलं, याबद्दलचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. सापडलेलं वीर्य पाचांपैकी कोणाचंही नाही, हे 1990 च्या खटल्यातच समोर आलं होतं. सरकारी पक्षाने त्यावर तोडगा काढला : आणखी एक जण निसटला असणार. ज्यूरीला ते पटलं.

कोरी वाइजचं नाव तर पोलिसांच्या यादीतही नव्हतं. मित्राला सोबत म्हणून तो ठाण्यावर गेला. सोळा वर्षांचा असल्यामुळे तो मोठ्यांच्या तुरुंगात पडला आणि साधारण तेरा वर्षं आत राहिला. 2002 मध्ये मातियास रेयेस या जन्मठेपेच्या कैद्याने हा गुन्हा मी एकट्याने केला असं सांगितलं. डीएनए त्याचाच निघाला. डिसेंबरमध्ये पाचही शिक्षा रद्द झाल्या.

गैरसमज : स्वतः जखमी झालेला माणूस खोटं कशाला सांगेल?

ऑक्टोबर 1989 मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स स्टुअर्ट या गोऱ्या माणसाने गाडीतल्या फोनवरून पोलिसांना कळवलं की एका काळ्याने मला आणि माझ्या गरोदर बायकोला गोळ्या घातल्या. बायको गेली, शस्त्रक्रियेने जन्मलेलं बाळही पुढे दगावलं. मिशन हिल वस्तीत पोलिसांनी काळ्या पुरुषांना रस्त्यात अडवून, कपडे उतरवून झडत्या घेतल्या. ओळखपरेडीत स्टुअर्टने विली बेनेट या माणसाकडे बोट दाखवलं. जानेवारीत स्टुअर्टच्या सख्ख्या भावाने पोलिसांकडे जाऊन खुनी नवराच असल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी स्टुअर्टने पुलावरून उडी मारली. 1994 मध्ये साउथ कॅरोलिनात सुझन स्मिथने हेच केलं. काळ्या माणसाने गाडीसह दोन मुलं पळवली म्हणून ती टीव्हीवर रडली. नऊ दिवसांनी तिनेच मुलांना तळ्यात बुडवल्याचं कबूल केलं. दोघांनाही कोणती गोष्ट लगेच खपेल हे ठाऊक होतं. त्यांचा आपल्या समाजाबद्दलचा अंदाज अचूक होता, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

गैरसमज : काळे लोकही आपल्या माणसाची बाजू घेतातच, ओ. जे. सिम्पसन पाहा.

यात थोडं तथ्य आहे. दोन खुनांचा आरोप असलेला काळा फुटबॉलपटू सिम्पसन 1995 मध्ये सुटला, त्या निकालावर अनेक काळ्या वस्त्यांत जल्लोष झाला, आणि तो दोन मृतांसाठी अन्यायाचाच होता. पण त्याच लॉस एंजेलिसने 1991 मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलीस झोडपत असल्याची चित्रफीत पाहिली होती, आणि 1992 मध्ये एकही काळा सदस्य नसलेल्या ज्यूरीने पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून सोडलेलंही पाहिलं होतं. तो जल्लोष सिम्पसनपेक्षा पोलिसांवरच्या अविश्वासाचा अधिक होता. शिवाय 1994 मध्ये सिम्पसनचं पोलिसांनी काढलेलं एकच छायाचित्र ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ने एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर छापलं. ‘टाइम’ने ते मुद्दाम गडद केलं होतं. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी लागले म्हणून लबाडी उघडी पडली.

गैरसमज : निर्दोष ठरलं की डाग जातो.

पाच जणांना 2014 मध्ये शहराकडून 4 कोटी 10 लाख डॉलरची भरपाई मिळाली. त्यांच्यातला युसेफ सलाम 2023 मध्ये हार्लेममधून नगरपरिषदेवर निवडून आला. विली बेनेटची बॉस्टनच्या महापौरांनी माफी मागितली, तीही 2023 च्या डिसेंबरात, चौतीस वर्षांनी. आणि सप्टेंबर 2024 मध्ये अध्यक्षपदाच्या वादसभेत ट्रम्प पुन्हा म्हणाले की या मुलांनी खटल्यात गुन्हा मान्य केला होता, माणूस मारला होता. पाच जणांनी त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. पाचांनीही न्यायालयात गुन्हा नाकारला होता. आणि सेंट्रल पार्कमधली ती बँकर तरुणी त्या हल्ल्यातून वाचली, पुन्हा धावायला लागली. 2003 मध्ये तिने स्वतःच्या नावाने पुस्तकही लिहिलं.