उलट्या नदीतली वाटणी

1893 च्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंद शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलत होते, त्याच दिवसांत शहराबाहेर एक अचाट खोदकाम चालू होतं. शिकागोला आपली नदी उलटी वाहवायची होती! नदीतून घाण मिशिगन सरोवरात जायची आणि पिण्याचं पाणी यायचं तेही त्याच सरोवरातून. जानेवारी 1900 मध्ये 45 किलोमीटरचा कालवा खुला झाला. नदी पाठ फिरवून मिसिसिपीच्या खोऱ्याकडे निघाली आणि तिच्यामागोमाग मालाचे बार्जही.

या सगळ्यात नदीचा काठ मात्र हरवला. उभ्या पोलादी भिंतीला बार्ज छान लागतो, पण माशाला तिथे काय मिळणार? ना उथळ पाणी, ना पाणवनस्पतींची मुळं, ना अंडी घालायला आडोसा. शिवाय मुसळधार पावसात गटारं तुंबून थेट नदीत रिकामी होत. त्यावर उपाय म्हणून 1975 पासून जमिनीखाली खोल बोगदे खणले गेले, एकूण सुमारे 175 किलोमीटरचे. 1970 च्या दशकात इथल्या पाण्यात माशांच्या जेमतेम दहा जाती सापडत. त्यानंतर सत्तरहून अधिक नोंदल्या गेल्या.

पाणी सुधारलं तशी माणसं परतली आणि जागेची ओढाताण सुरू झाली. बार्ज ढकलणाऱ्या टगबोटीच्या चालकाला बार्जच्या नाकासमोरचं पाणी दिसत नाही आणि जागच्या जागी थांबणं त्याच्या हातात नसतं. नेमकी तिथेच कुणी वल्हवत आणलेली एखादी छोटी कयाक असली तर?

गूज आयलंड या बेटापाशी याचं एक शहाणं उत्तर दिसतं. बेटाच्या पश्चिमेला मुख्य प्रवाह आहे, पूर्वेला एकोणिसाव्या शतकात खणलेला शांत फाटा. ‘अर्बन रिव्हर्स’ या संस्थेने 2017 पासून या फाट्यात तरंगत्या बागा सोडल्या. वाफ्यांतल्या देशी वनस्पतींची मुळं पाण्यात लोंबतात, त्यांवर सूक्ष्मजीव आणि किडे वाढतात, त्यांच्यामागे मासे येतात. भिंत न पाडता काठ परत आणण्याची ही युक्ती. बार्जना मुख्य प्रवाह, मासे आणि कयाकना हा शांत फाटा: सगळ्यांना एकाच प्रवाहात दाटीवाटीने बसवण्यापेक्षा ही वाटणी बरी.

कालव्यावर मात्र अशी वाटणी जमत नाही. परदेशी कार्प मासे सरोवरात घुसू नयेत म्हणून रोमिओव्हिलजवळ 2002 पासून पाण्यात विजेचा अडथळा आहे. माशांना अडवायचं, पण बार्ज जाऊ द्यायचे. गोम इथेच आहे: दोन बार्जमधल्या फटीतलं पाणी त्यांच्यासोबतच पुढे सरकतं, पोलादी तळामुळे विद्युतक्षेत्र बिघडतं आणि चाचण्यांत छोटे मासे अशा फटीतून पलीकडे गेलेले दिसले. म्हणून आता खाली जोलिएटपाशी ध्वनी, बुडबुडे आणि वीज यांचा एकत्रित अडथळा उभारायचं ठरलं आहे.

मे 2023 मध्ये याच नदीतलं एक धष्टपुष्ट कासव समाजमाध्यमांवर गाजलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘चाँकोसॉरस’. कयाकवरून टिपलेल्या त्या चित्रफितीत ते निवांत ऊन खात पडलं होतं, जुन्या गंजलेल्या साखळदंडांच्या ढिगावर.